फ्रान्स पोस्ट म्हणजे सतराव्या शतकातला कॅमेरा नाही हो

तो फॉरवर्ड परत फिरतोय. एक हिरवंगार चित्र आणि खाली मजकूर: फ्रान्स पोस्ट हा अमेरिका खंड रंगवणारा पहिला युरोपियन, ब्राझीलच्या जंगलात बसून त्याने दीडशे चित्रं जशीच्या तशी काढली, प्राणी तेवढे मनाने घातले, बघा डचांच्या राज्यात सगळे किती सुखात होते, मागे जंगलाने गिळलेलं प्राचीन शहर, आणि हेच डच पुढे काजू घेऊन कोकणात आले. चित्रकार खरा आहे, नेदरलँड्समधल्या हार्लेमचा, 1612 ते 1680, ब्राझीललाही खरंच गेला होता. बाकीचं एकेक घेऊ.

पहिला युरोपियन? छे. 1585 मध्येच जॉन व्हाइट नावाचा इंग्रज उत्तर अमेरिकेतल्या रोअनोक बेटावर तिथली माणसं, मासे, झाडं रंगवत होता. पोस्टचा मान असा की निसर्गचित्रणात तयार झालेला आणि तिकडे जाऊन निसर्गदृश्यं रंगवणारा तो पहिला युरोपियन. एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

आता ते "जंगलात बसून दीडशे". ब्राझीलमधल्या डच वसाहतीचा गव्हर्नर योहान मॉरिट्स, त्याच्या लवाजम्यात तो 1637 ला गेला, 1644 ला परत आला. तिकडे असताना केलेली तैलचित्रं आज सातच माहीत आहेत, बाकीची सगळी हार्लेमला, घरी बसून, स्केचेस आणि आठवणीवर, पुढची पंचवीसेक वर्षं. आणि फरक कुणालाही दिसेल असा आहे. 1639 चं साओ फ्रान्सिस्को नदीचं चित्र बघा, पॅरिसच्या लूव्हरमध्ये आहे, एक निवडुंग, एक कॅपिबारा (तिकडचा मोठा, उंदराच्या जातीचा प्राणी), नदी, पलीकडे किल्ला आणि वर नुसतं आभाळ, इतकं ओकंबोकं की आज कुणी लाइकसुद्धा करणार नाही. नंतरच्या चित्रांत मात्र कडेला उंच माड-ताड, पुढे झाडोरा, फळं, प्राणी, लांबवर निळसर डोंगर, सगळं गिऱ्हाइकाला हवं तसं मांडलेलं. इथली टेकडी तिथे, तिथलं चर्च इथे. फॉरवर्डमधलं चित्र याच नंतरच्या काळातलं, आणि त्यालाच म्हणे जशीच्या तशी!

गंमत म्हणजे जिथे शंका घ्यायला नको तिथे यांनी घेतलीय. प्राणी मनाने घातलेले नाहीत. हार्लेमच्याच अर्काइव्हमध्ये त्याची प्राण्यांची 34 चित्रं सापडली, 2016 ला अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने ती मांडली. स्लॉथ, आर्माडिलो, मुंगीखाऊ, जॅग्वार, सोबत नोंदी. याच अभ्यासातले प्राणी तो नंतर वर्षानुवर्षं चित्रांच्या कोपऱ्यात बसवत राहिला. म्हणजे प्राणी बघितलेला, देखावा जुळवलेला.

प्राचीन शहराचं तर काय बोलावं. ते ब्राझीलमधलं ओलिंदा आहे. पोर्तुगीजांनी 1535 ला वसवलं, डचांनी 1630 ला जिंकलं आणि 1631 ला स्वतःच जाळलं. ते पडकं चर्च जंगलाने गिळलेलं नाही, चित्रकाराला पाठवणाऱ्याच सत्तेने पाडलेलं आहे, वेली नंतर चढल्या. चित्र 1662 चं, तोवर पोस्टला परतून अठरा वर्षं झालेली आणि डचांच्या हातून ब्राझील 1654 लाच गेलेलं. गेलेल्या वसाहतीचा सुंदर देखावा हॉलंडमधल्या दिवाणखान्यात टांगायला कोण विकत घेत असेल, हे ज्याने त्याने समजून घ्यावं.

"सगळे सुखात" या मुद्द्यावर मी जास्त चिडते. चित्रात डोक्यावर टोपल्या घेऊन चालणारी, कुठे नाचणारी ती छोटी छोटी माणसं बहुतेक आफ्रिकेतून आणलेले गुलाम आहेत. सगळा पैसा साखरेचा, आणि उसाचे मळे, चरक, रस आटवायच्या कढया यांना माणसं हवीत म्हणून याच योहान मॉरिट्सने 1637 ला जहाजं पाठवून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा एल्मिना किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. डचांनी ब्राझीलमध्ये वीस हजारांच्या वर माणसं अशी आणली. पोस्टने साखरेचे कारखाने रंगवलेत, पण माणूस एवढासा की चेहरा दिसायचा प्रश्नच नाही, आणि चाबूक तर शोधूनही मिळणार नाही. गव्हर्नरचा माणूस, तो कशाला दाखवेल?

राहिला काजू. तो ब्राझीलचाच, पण आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला, सोळाव्या शतकात, तेव्हा पोस्ट जन्मलाही नव्हता. डचांचा काही संबंध नाही.