बेर्खचा माणूस पंतप्रधान झाला, पण बेर्खच्या हाती काय आलं?

३ जून २०२५ रोजी मंगोलियाच्या संसदेत गुप्त मतदान झालं. १२६ जणांच्या सभागृहात ८२ जणांनी मत दिलं. पंतप्रधान ओयून-एर्डेने यांच्या बाजूने ४४, विरोधात ३८. बाजूची मतं जास्त असूनही ते पडले, कारण टिकायला ६४ हवी होती. जगभरच्या बातम्यांमध्ये याचं एकच कारण छापून आलं: मुलाच्या होणाऱ्या बायकोची महागडी पर्स, समाजमाध्यमांवरचे फोटो आणि त्यावरून चिडलेली तरुण पिढी. मला हे कारण अर्धवट वाटतं. हा माणूस कुठून आला आणि मधल्या वीस-बावीस वर्षांत काय झालं, ते पाहिल्याशिवाय त्याचं पडणं कळत नाही.

लुवसान्नामस्राइन ओयून-एर्डेने यांचा जन्म १९८० चा. वाढले ते देशाच्या पूर्वेकडच्या खेन्ती प्रांतात, बेर्ख नावाच्या खाणगावात. खेन्ती म्हणजे चंगीझ खानाचा मुलूख, पण बेर्खची ओळख फ्लोरस्पारची. पोलाद आणि अॅल्युमिनियमच्या कारखान्यांना लागणारं हे खनिज सोविएत काळात तिथून निघायचं. १९९० नंतर सोविएत पैसा आटला आणि अशा एकेका खाणीवर उभ्या असलेल्या गावांचे फार हाल झाले. शाळा, दवाखाना, घरांना ऊब देणारी वाफ, सगळं खाणीच्या जिवावर चालणारं. अशा गावात लहानाचं मोठं झालेल्या मुलाला 'खनिज संपत्ती' या शब्दाचा अर्थ अर्थशास्त्राच्या पुस्तकातून शिकावा लागत नाही.

पत्रकारितेचं शिक्षण घेऊन ते परत गेले ते बेर्खलाच. विशीच्या सुरुवातीलाच तिथल्या गव्हर्नरच्या कचेरीचं काम त्यांच्याकडे आलं. (तिथे गव्हर्नर म्हणजे राजभवनातला राज्यपाल नव्हे. प्रांताला, तालुक्याएवढ्या सूमला, अगदी वस्तीच्या पातळीवरच्या 'बाग' नावाच्या घटकालाही गव्हर्नर असतो.) पुढे पक्षाच्या युवक संघटनेत काम, कायद्याची पदवी, २०१५ मध्ये हार्वर्डहून सार्वजनिक धोरणाची पदव्युत्तर पदवी, आणि २०१६ मध्ये खेन्तीतून मंगोलियन पीपल्स पार्टीचे खासदार. हा टप्पा भराभर सांगतोय, कारण त्यांचं नाव घराघरात पोचलं ते यानंतर.

२०१८ च्या अखेरीस संसदेचे सभापती एन्खबोल्ड यांच्यावर गंभीर आरोप होता. सरकारी पदं विकून ६० अब्ज तुग्रिक (मंगोलियाचं चलन) उभे करण्याची बोलणी एका ध्वनिफितीत ऐकू येतात, असं म्हटलं जात होतं. सभापती ओयून-एर्डेने यांच्याच पक्षाचे. तरीही हा पहिल्याच खेपेचा खासदार डिसेंबरच्या थंडीत राजधानी उलानबातरच्या सुखबातर चौकात हजारो लोकांबरोबर उभा राहिला. १९९० च्या मार्चमध्ये तरुणांनी याच चौकात उपोषण करून कम्युनिस्ट पॉलिटब्युरोला राजीनामा द्यायला लावला होता, त्यामुळे तिथे उभं राहण्याला मंगोलियात वजन आहे. जानेवारी २०१९ च्या अखेरीस सभापती पदावरून गेले आणि लगेच ओयून-एर्डेने मंत्रिमंडळात आले. आपल्याच पक्षातल्या बलाढ्य माणसाविरुद्ध रस्त्यावर उतरायला हिंमत लागते, आणि ती त्यांनी दाखवली. आजही याचं श्रेय मी त्यांना देतो.

पुढची पायरीही चौकानेच दिली. जानेवारी २०२१ मध्ये एका कोविडग्रस्त बाळंतिणीला, तान्ह्या बाळासह, हाडं गोठवणाऱ्या थंडीत पातळ कपड्यांत आणि सपातांत हलवल्याची दृश्यं लोकांनी पाहिली. लोक चौकात आले, पंतप्रधान खुरेलसुख यांनी राजीनामा दिला, आणि चाळिशीतले ओयून-एर्डेने पंतप्रधान झाले. खुरेलसुख त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष झाले, हेही विसरून चालणार नाही.

पंतप्रधान म्हणून त्यांनी केलेलं सर्वांत मोठं काम म्हणजे ओयू तोलगोईचा सौदा. दक्षिण गोबीतली ही तांब्या-सोन्याची प्रचंड खाण. सरकारचा वाटा ३४ टक्के, बाकीचा रिओ टिंटो या जागतिक खाण कंपनीच्या बाजूचा. पण आपल्या ३४ टक्क्यांचा भांडवली खर्च भरायला मंगोलियाने खाणीच्याच भागीदाराकडून कर्ज घेतलेलं, त्यावर व्याज चढत चाललेलं, आणि लाभांश दिसायला कित्येक वर्षं लागणार. ओयून-एर्डेने यांच्या सरकारने वाटाघाटी करून सुमारे २.३ अब्ज डॉलरचं हे कर्ज माफ करून घेतलं आणि जानेवारी २०२२ मध्ये भूमिगत खाणकामाला वाट करून दिली. पस्तीस लाख लोकसंख्येच्या देशाने जागतिक कंपनीकडून एवढं मिळवणं ही साधी गोष्ट नाही. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रीय संपत्ती निधीचा कायदाही त्यांच्याच काळात झाला. खनिजांचं उत्पन्न पुढच्या पिढ्यांसाठी, नागरिकांच्या बचतीसाठी आणि विकासासाठी वेगळं काढायचं, ही त्यामागची कल्पना. बेर्खमध्ये वाढलेल्या माणसाचा हात मला या कायद्यात स्पष्ट दिसतो.

मग बिनसलं कुठे?

डिसेंबर २०२२ मध्ये चीनला जाणाऱ्या कोळशाच्या चोरीवरून पुन्हा चौक भरला, आणि या वेळी ओयून-एर्डेने आतल्या बाजूला, सरकारी वाड्यात होते. त्यांनी २०२३ हे भ्रष्टाचारविरोधी वर्ष जाहीर केलं, परदेशात पळालेल्यांना परत आणण्याची मोहीम काढली. पण ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या संस्थेच्या भ्रष्टाचाराबाबतच्या २०२४ च्या यादीत मंगोलिया १८० देशांत ११४ वा होता. म्हणजे ज्या मुद्द्यावर हा माणूस वर आला, त्याच मुद्द्यावर चार वर्षांत देश जिथल्या तिथे राहिला.

माझा खरा आक्षेप त्याहून खोलवरचा आहे. मंगोलियाचा आकार महाराष्ट्राच्या पाचपट, प्रांत २१, सूम तीनशेच्या वर, आणि निम्मी लोकसंख्या एकट्या उलानबातरमध्ये. हिवाळ्यात तिथला धूर आणि एरवीची वाहतूक कोंडी यांनी लोक हैराण आहेत. लोक तिथे येतात कारण शाळा, दवाखाना, नोकरी आणि निर्णय सगळं तिथेच आहे. प्रांताच्या गव्हर्नरचं नाव स्थानिक खुराल (निवडून आलेली सभा) सुचवतं, पण नेमणूक पंतप्रधान करतात. सूमच्या गव्हर्नरची नेमणूक प्रांताच्या गव्हर्नरकडे. पैसाही बराचसा वरूनच येतो. म्हणजे बेर्खच्या कचेरीत बसलेल्या माणसाचं तोंड गावाकडे कमी आणि वरच्या साहेबाकडे जास्त. ओयून-एर्डेने यांनी हे आतून पाहिलं होतं. चार वर्षांहून अधिक काळ पंतप्रधानपद आणि पक्षाचं अध्यक्षपदही हाती असताना त्यांनी हे मुळातून बदललं नाही.

उलट २०२३ च्या घटनादुरुस्तीने संसद ७६ वरून १२६ जणांची झाली. ७८ जण १३ मोठ्या मतदारसंघांतून, ४८ पक्षांच्या यादीतून. सभागृहात लहान पक्ष आले आणि स्त्रियांची संख्या वाढली, ते चांगलंच झालं. पण दोन-तीन प्रांत मिळून एक मतदारसंघ झाला की लांबच्या सूममधल्या मेंढपाळाने 'माझा खासदार' कोणाला म्हणायचं? २०२४ मध्ये पक्षाला ६८ जागा मिळाल्या. एकट्याने राज्य करता येत असूनही ओयून-एर्डेने यांनी डेमोक्रॅटिक पार्टी आणि हुन पक्षाला सोबत घेतलं. हेतू सांगितला तो महाप्रकल्पांसाठी सर्वसहमतीचा. रेल्वे, वीज, ओरानो या फ्रेंच कंपनीबरोबर युरेनियमचा करार, भारताच्या कर्जातून दोर्नोगोवी प्रांतात उभा राहणारा तेलशुद्धीकरण कारखाना. सगळं आवश्यक, सगळं राजधानीत ठरलेलं. आणि संसदेत खमका विरोधी पक्ष उरला नाही, म्हणून विरोध पुन्हा चौकात गेला.

मे २०२५ मध्ये ते फोटो पसरले तेव्हा तरुणांनी साधा प्रश्न विचारला होता: हे पैसे कुठून आले? कुटुंबाने काही गैर केलं, असं मी म्हणणार नाही. त्यांनी आरोप नाकारले आणि मालमत्तेचा तपशील भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेकडे दिला. पण हितसंबंधी लोकांनी रचलेलं कारस्थान, अशी मांडणी त्यांनी केली, आणि २०१८ मध्ये आपल्या शेजारी उभ्या असलेल्यांच्या धाकट्या भावंडांना गमावलं. डेमोक्रॅटिक पार्टीच्या काही तरुण खासदारांनी राजीनाम्याच्या मागणीला साथ दिली म्हणून त्या पक्षालाच सरकारबाहेर काढलं. तिथेच आकडे संपले. शेवटी विश्वासदर्शक ठराव त्यांनी स्वतः मांडला, निकाल मान्य केला, खुर्ची सोडली. रशिया आणि चीन यांच्यामध्ये बसलेल्या देशात हे घडलं याचं मला मनापासून कौतुक आहे.

त्यांच्या जागी झंदनशतार आले, त्याच पक्षाचे. चार महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, संसदेने त्यांनाही हटवायचा ठराव केला आणि राष्ट्राध्यक्ष खुरेलसुख यांनी नकाराधिकार वापरून तो अडवला. माणसं बदलायची ताकद मंगोलियाच्या लोकांनी पुन्हा पुन्हा सिद्ध केली आहे. आता मला तिथल्या एखाद्या पक्षाने २०२८ च्या निवडणुकीत एकच गोष्ट मांडलेली पाहायची आहे: सूमचा गव्हर्नर सूमच्या लोकांच्या थेट मतांनी निवडायचा, आणि खाणीच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा त्याच्या हाती द्यायचा.