सव्वा तासाचं पॅरिस

लंडन ते पॅरिस: सरळ रेषेत अंतर साधारण ३४४ किलोमीटर, विमानाला वेळ सव्वा तास. माहिती अगदी खरी आहे. फक्त ती विमानाची आहे, प्रवाशाची नाही.

विमानाचा वेळ जागेवरून चाकं हललेल्या क्षणापासून पलीकडे जाऊन थांबेपर्यंत मोजतात. त्यातही हवेत ते जेमतेम पाऊण तास असतं. माझा वेळ मात्र पहाटे अडीचच्या गजरापासून सुरू होतो.

आम्ही राहतो हाउन्स्लोला. हीथ्रो इतकं जवळ, की डोक्यावरून विमान गेलं की फोनवरचं बोलणं मध्येच थांबवावं लागतं. पण स्वस्त तिकीट घराजवळच्या विमानतळाचं निघालं तर ते स्वस्त कसलं? आमचं निघालं पार दुसऱ्या टोकाच्या विमानतळाचं. त्याच्या नावात लंडन आहे, वाटेत मात्र मेंढ्या चरत असतात.

गंमत म्हणजे लंडन-पॅरिस रोजची विमानसेवा सुरू झाली ती आमच्याच हाउन्स्लोच्या माळावरून, २५ ऑगस्ट १९१९ रोजी. अडीच तासांत विमान पॅरिसजवळच्या ल बूर्जेला पोचलं. आत एक प्रवासी, वर्तमानपत्रं, शिकार केलेले पक्षी आणि डेव्हनशायरचं क्रीम. क्रीम! मेलेल्या पक्ष्यांशेजारी!

आणि शंभर वर्षांनी माझ्या श्रीखंडाचा डबा मशीनमधून बाहेर आला तो थेट बाजूच्या टेबलावर. पॅरिसच्या मेहुणीची खास फर्माईश होती.

"हा द्रवपदार्थ आहे," तपासनीस म्हणाला. त्या विमानतळावर तेव्हा १०० मिलिलिटरच्या वर नेता येत नव्हतं.

"द्रव कुठला? चक्का रात्रभर टांगला होता," बायकोने त्याला इंग्रजीत सांगितलं. रात्रभर कोणाला टांगलं होतं, या प्रश्नावर तिथलं वातावरण जरा गंभीर झालं. शेवटी पहाटे पाच वाजता, चमच्याविना, आम्ही दोघांनी ते एका खांबाआड संपवलं. केशर छान उतरलं होतं, हे मात्र मान्य करायला हवं.

पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे. त्यामुळे सातचं विमान सव्वानऊला उतरतं. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकमेकांच्या सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, म्हणून पुढे पासपोर्टची रांग. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा असला की अधिकारी तो असा न्याहाळतात जणू मुलगी दाखवायला आणलीय. मग लोकल पकडून गार द्यू नॉर.

त्याच स्टेशनात समुद्राखालच्या बोगद्यातून येणारी लंडनची गाडीही थांबते. १९९४ पासून धावते आहे, भर लंडनमधून निघून सव्वादोन-अडीच तासांत पोचते. माणसं चुरगळल्याशिवाय उतरत होती. त्या गाडीत १०० मिलिलिटरचा नियमही नाही. बायकोने हे मोबाइलवर वाचलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

मेहुणीने दार उघडलं. "सव्वा तासाचा तर प्रवास, आणि भाऊजी, चेहरा केवढा उतरलाय! डबा कुठाय?"

बायको म्हणाली, "यांच्या पोटात."

परतीला घड्याळ उलटं चालतं. पॅरिसहून रात्री नऊला निघालो, लंडनला सव्वानऊला उतरलो. हे मी उत्साहाने साताऱ्याला फोन करून आईला सांगितलं.

"पंधरा मिनिटांत?" आई म्हणाली. "मग जेवायला रोज तिच्याकडेच का जात नाही रे?"