टॉवरमध्ये राहून गरीब कसं राहावं

सर्वप्रथम आपण मध्यमवर्गीय आहोत, हे मनाशी पक्कं करा. कफ परेडला समुद्र दिसणारा फ्लॅट आणि खाली दोन गाड्या असल्या तरी बिचकू नका. मान कायम वर ठेवा, आपल्याहून श्रीमंत कोणीतरी वरच्या मजल्यावर राहतंच. २०२२-२३ साली देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांच्या खिशात गेला, असा अर्थतज्ज्ञांचा हिशेब आहे. तो पाठ करा, क्लबात संतापून ऐकवा. त्या एक टक्क्यात आपणही बसतो का, हे तपासायच्या भानगडीत पडू नका. आणि खिडकीतून खाली बघू नका, खाली गणेशमूर्तीनगरची झोपडपट्टी आहे.

आपल्यावर एवढा अन्याय होतोय म्हटल्यावर मतदानाचा प्रश्नच मिटतो. 'सगळे सारखेच चोर' एवढं म्हणून चहा मागवा. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान मुद्दाम बुधवारी ठेवलं होतं, लोणावळ्याची वाट बंद व्हावी म्हणून. काही सोसायट्यांच्या तर आवारातच केंद्रं उघडली. तरी आपल्या कुलाबा मतदारसंघानं जेमतेम ४४ टक्क्यांवर भागवलं. (याद्यांत मेलेली आणि घर सोडून गेलेली माणसं असतात हे खरं, पण सगळं त्यांच्यावर ढकलणं बरं दिसत नाही.) राज्यात सुमारे ६६ टक्के झालं. गडचिरोलीत दुपारी तीनला केंद्रं बंद होऊनही जिल्हा सत्तरच्या पुढे गेला. यातून घ्यायचा बोध एवढाच की तिकडच्या लोकांना दुसरा उद्योग नाही.

त्या दिवशी कामवाल्या मावशी उशिरा येतील, बोटाला शाई लावून. 'ताई, तुम्ही जाऊन आलात?' असं विचारतील. कुकरची शिट्टी झाली म्हणून आत वळा. मतदानाची भरपगारी सुट्टी कायद्यात आहे, पण ती कंपन्या-कारखान्यांना. आपलं घर थोडंच आस्थापना आहे? मावशी गेल्यावर मैत्रिणीला फोन करून सांगा, 'लाडक्या बहिणीच्या दीड हजारासाठी मत विकतात गं!' यजमानांच्या कंपनीनं पक्षांना नाव न सांगता पैसे द्यायचे निवडणूक रोखे घेतले असतील तर ती गोष्ट वेगळी, ती देणगी. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये रोखे घटनाबाह्य ठरवले, त्याला आपण काय करणार?

मार्च २०२२ पासून कित्येक वर्षं मुंबईत नगरसेवकच नव्हते. आपल्याला कळलंही नसेल, कारण पाणी आलं नाही की सेक्रेटरी टँकर मागवतात आणि वॉर्ड ऑफिसातले साहेब त्यांच्या ओळखीचे आहेत. मावशींच्या गल्लीत मात्र नळ कोरडा पडला की रिकामा हंडा कुणाच्या दारात आपटायचा, हेच कुणाला कळेना. म्हणून तर ही माणसं रांगा लावतात. वशिला असता तर तीही घरी बसली असती.

निकालाच्या दिवशी 'अडाण्यांनी वाटोळं केलं' हा मेसेज सकाळी अकराच्या आत पुढे पाठवा.

सोसायटीच्या कमिटीची निवडणूक मात्र चुकवू नका. तिथे पार्किंगचा प्रश्न असतो.