७२ डीपीआय केल्याने फोटो हलका होत नाही

वरुडकडच्या एका शेतकरी कंपनीची वेबसाइट सांभाळणाऱ्या माझ्या भाच्यापर्यंतही तो मेसेज पोचलाच: 'फोटो ७२ डीपीआय करा, पीएनजीत बदला, एचटीएमएलमध्ये रुंदी ३०० टाका, जेपीजीच ठेवायचा तर क्वालिटी ३० करा. साइट सुसाट!' त्याने सांगितलं तसं केलं आणि साइटवरचं संत्र्याचं वेबपान होतं त्याहून जड झालं.

डीपीआय म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे, एवढंच. मोबाइलचा ४००० बाय ३००० चा फोटो ३०० डीपीआय असो की ७२, पिक्सेल १ कोटी २० लाखच राहतात. फाइलमधला एक आकडा बदलतो, वजन तेवढंच. मग कोणाकोणाला फरक का दिसतो? फोटोशॉपमध्ये 'रिसॅम्पल'वर (म्हणजे पिक्सेलची संख्याही बदलण्यावर) टिक असेल तर ३०० चे ७२ करताना ४००० ची रुंदी ९६० वर येते. पिक्सेल कमी झाले म्हणून फाइल हलकी होते, श्रेय मात्र डीपीआयला. एवढ्यापुरतं मेसेजवाल्याचं मान्य.

पीएनजीचा सल्ला सरळसरळ नुकसानीचा. पीएनजी संत्र्याच्या सालीचं प्रत्येक छिद्र जसंच्या तसं साठवतो, त्यामुळे फाइल कितीतरी पट फुगते. जेपीजी करताना गेलेला तपशील तरीही परत येत नाही. लोगोला आणि बाजारभावाच्या तक्त्याला पीएनजी ठीक. बागेच्या फोटोला वेबपी हा वेबसाठीचा फाइलप्रकार घ्या. गूगलच्याच चाचणीत तेवढ्याच दर्जाची वेबपी फाइल जेपीजीपेक्षा २५ ते ३४ टक्के लहान निघाली आहे.

एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमध्ये, रुंदी ३०० लिहिली तरी ब्राउझर अख्खी फाइल उतरवतो. शिवारात २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट; ८ बिटांचा एक बाइट) मिळत असेल तर ४ एमबीच्या एका फोटोला १६ सेकंद! रुंदी-उंची जरूर लिहा, पण ती पान लोड होताना मजकूर उडू नये म्हणून.

क्वालिटी ३० ला सालीवर चौकोनी डाग उमटतात. व्यापारी आंबिया बहाराचं फळ फोटोत बघतो, तेव्हा फळावर कोळशी (काळी बुरशी) आहे की फोटोच खराब, हे त्याला कसं कळणार?

फोटो लहान करायचं स्क्वूश हे ब्राउझरमधलं ॲप फुकट आहे. फोटो उघडा, आधी 'रिसाइज'मध्ये रुंदी १२०० करा, मग वेबपी, क्वालिटी ७५. १०० टक्के झूमवर साल आणि कॅरेटवरची अक्षरं तपासा; अक्षरांच्या कडा फाटल्या तर ८० वर न्या. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि नवी फाइल दर वेळी त्यातूनच काढा, कारण दाबलेला फोटो पुन्हा दाबला की दर्जा आणखी घसरतो.