ओढा म्हणजे मोरी नव्हे

ताम्हिणीजवळच्या पिंपरीहून हिर्डीमार्गे भिऱ्याला उतरणारी अंधारबनाची सुमारे १३ किलोमीटरची वाट मी दर वर्षी पाऊस ओसरल्यावर चालतो, आणि दर वर्षी ओढ्याकाठी तंबू ठोकलेला कोणता ना कोणता चमू खिचडीचे करपलेले पातेले थेट प्रवाहात बुडवून साबणाने घासत बसलेला मला दिसतो. फेसाचे पुंजके खडकांना अडखळत खाली जातात आणि तेच पाणी पुढचा वाटसरू बाटलीत भरून घेतो. ‘काका, हा साबण निसर्गात विरघळून जातो,’ असे यंदा मला ऐकवण्यात आले. (‘काका’ म्हटल्याचा राग वेगळाच.) अहो, असल्या साबणाचे विघटन करायलाही मातीतले जिवाणू लागतात, ओढ्यात सोडला तर तो आधी खेकड्यांच्या आणि बेडकांच्या वाट्याला जातो. पातेलेभर पाणी काठापासून सत्तर-ऐंशी पावले दूर नेऊन, चुलीतल्याच राखेने भांडी घासून, ते खरकटे पाणी मातीत जिरवायला असा कितीसा वेळ लागतो? एवढे सगळे मी शांतपणे समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी स्पीकरचा आवाज वाढवला.