चुरगळलेली स्कोअरशीट

आज दुपारी बुद्धिबळ स्पर्धेच्या हॉलबाहेर जे बघितलं ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

नऊ-दहा वर्षांचं पोरगं डाव हरून बाहेर आलं. बाबांचे पहिले शब्द, "चौदाशेवाल्याकडनं हरलास? तीस पॉइंट गेले की रं!" पोराच्या हातातली स्कोअरशीट, म्हणजे डावातल्या चाली लिहिलेला कागद, ओढली, चुरगळली, कचऱ्याच्या डब्यात टाकली. पोरगं रडलंही नाही. बुटांकडं बघत उभं राहिलं.

तीसचा हिशेब बरोबर होता. रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा, तो पोराचा १६००, समोरच्याचा १४००. १८ वर्षांखालच्या, २३०० च्या आतल्या खेळाडूला के-फॅक्टर, म्हणजे एका डावामागं रेटिंग किती हलणार ते ठरवणारा आकडा, ४० असतो. १६०० च्या पोराकडून १४०० वाल्यासमोर ०.७६ गुणांची अपेक्षा धरतात. हरला की ४० गुणिले ०.७६, म्हणजे ३०.४ वजा. जिंकला असता तर मिळाले असते फक्त ९.६. हे त्या बाबांना तोंडपाठ. बुखोल्झही, म्हणजे बरोबरीतल्या खेळाडूंचा क्रम लावायचा हिशेब, पाठ असणार. पण डाव कुठं फुटला हे माहीत नाही, कारण तो कागद त्यांनी वाचलाच नाही.

मी डब्यातून काढून वाचला. खालची गुलाबी कॉपी. अक्षर सुरेख, दर चार चालींनंतर घड्याळातली वेळ टिपलेली. कुणीतरी नीट शिकवलंय. पोराकडं पांढरे मोहरे. २४ व्या चालीशेजारी १:३४, म्हणजे एक तास ३४ मिनिटं शिल्लक.

९० मिनिटं, अधिक दर चालीला ३० सेकंद असा हा डाव. म्हणजे सुरुवातीला होती त्यापेक्षा चार मिनिटं जास्त शिल्लक असताना पोरगं हरलं! मिळालेल्या १०२ मिनिटांतली ८ वापरली, चालीला सरासरी २० सेकंद. आणि २४ वी चाल काय, तर हत्तीनं ए७ या घरातलं प्यादं खाल्लं. पहिली ओळ मोकळी पडली, राजापुढची तिन्ही प्यादी जागची हललेली नव्हती. काळा हत्ती डी१ वर आला, मात. आधी कधीतरी एच३, म्हणजे राजापुढचं कडेचं प्यादं एक घर पुढं, खेळला असता तर राजाला पळायला घर होतं.

या चुकीवर औषध आहे. फुकटचं प्यादं दिसलं की दोन्ही हात मांडीखाली ठेवायचे. समोरच्याचे सगळे शह मोजायचे. मग मोहऱ्याला हात लावायचा, कारण लावला की तोच खेळावा लागतो. एवढं रोज घोटून घेतलं तर दोन-तीन महिन्यांत फरक दिसतो. ओरडून दिसत नाही.

सगळ्यांना पुढचा गुकेश हवाय. अर्जेंटिनाचा फाउस्तिनो ओरो १० व्या वर्षी इंटरनॅशनल मास्टर (ग्रँडमास्टरच्या खालचा किताब) झाला, तुर्कीचा यागिझ एर्दोगमुश १२ व्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, अशा बातम्या ग्रुपवर फिरतात आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या पोराच्या मानेवर ओझं वाढतं. अहो, २०२४ ला सिंगापुरात जगज्जेता झालेला तोच गुकेश सप्टेंबर २०२५ मध्ये समरकंदला ओळीनं तीन डाव हरला! त्याला हरवणाऱ्यांतले दोघं १६ वर्षांचे, अभिमन्यू मिश्रा आणि एदिझ गुरेल. त्याच्या कागदाचं काय करायचं मग, डब्यात टाकायचा?

आपली नागपूरची दिव्या देशमुख २०२५ ला बाटुमीला महिलांचा वर्ल्ड कप खेळायला गेली तेव्हा तिच्याकडं ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म, म्हणजे किताबासाठी लागणारी स्पर्धेतली ठरावीक कामगिरी, नव्हता. फायनलला समोर कोनेरू हंपी, जी दिव्याच्या जन्माआधी, २००२ लाच ग्रँडमास्टर झालेली. दिव्या जिंकली आणि ग्रँडमास्टर होऊनच परतली. पॉइंट मोजत बसली असती तर?

रेटिंग बघूच नका असं म्हणत नाही. दिव्यासारखा थेट किताब मिळाला नाही तर ग्रँडमास्टर व्हायला २५०० लागतंच, आणि प्रवासाचा, कोचिंगचा खर्च आईबापच सोसतात, गुकेशच्या वडिलांनी तर डॉक्टरकी बाजूला ठेवली. मान्य.

पण आपण कोल्हापूरचे. तालमीत चीत होऊन आलेल्या पोराला वस्ताद काय म्हणतो? कुठल्या डावावर पडलास, दाखव. मग जोडीला दुसरा पोरगा घेऊन तोच डाव पुन्हा पुन्हा करून घेतो, तोड बसेपर्यंत. खासबागेची माती बघितलेल्या गावाला हे दुसऱ्यानं शिकवायला पाहिजे का?

आणि लगेच मोबाइलवर इंजिन, म्हणजे चाली तपासणारं सॉफ्टवेअर, लावू नका. ते आकडा दाखवतं, पोरगं मान डोलावतं, डोक्यात काही उरत नाही. गुकेशला त्याच्या प्रशिक्षकांनी, विष्णू प्रसन्नांनी, २५०० च्या आसपास जाईपर्यंत इंजिनपासून लांब ठेवलं होतं.

दादा, तुम्ही हे वाचत असाल तर राग मानू नका. कागद सरळ करून पोराकडं परत दिलाय, त्यानं घडी घालून कंपासपेटीत ठेवलाय. आज रात्री जेवणं झाली की पट मांडा, २३ व्या चालीपर्यंत मोहरे लावा. मग पोराला एवढंच विचारा, तू ए७ खाल्लंस तर काळा काय खेळेल? उत्तर त्याला येतं. तुम्ही गाडी काढायला गेला होता, तेव्हा मी न विचारता त्यानं सांगितलं.