मॅडम, हाच वॉलनटमध्येही येतो

महागडे स्पीकर विकणाऱ्या दुकानात बाईने एकटीने जाऊ नये आणि नवऱ्याबरोबर तर मुळीच जाऊ नये. एकटी गेले तर ‘सर गाडी लावतायत का?’ असं विचारून मला दारातल्या खुर्चीवर बसवून ठेवतात. दोघं गेलो तर मधली खुर्ची सरांना, रिमोट सरांना आणि मला रंगांचं कार्ड. ‘मॅडम, हाच वॉलनटमध्येही येतो. पडद्यांना छान जाईल.’

आता आमच्या घरात गाणं ऐकते ती मी. सरांचं संगीताचं ज्ञान एवढंच, की भैरवी सुरू झाली की चपला शोधायला उठायचं.

जुने बुकशेल्फ स्पीकर तसे गुणी आहेत. शब्द कळतात, ठेका कळतो, फक्त तानपुरा कळत नाही. तानपुऱ्याची सगळी गंमत जवारीत. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा हळूहळू सरकवायचा. एका जागी तो असा बसतो की तार एकटी न वाजता आपल्या वरच्या स्वरांचा सगळा गोतावळा घेऊन वाजते. मिरजेतल्या कारागिरांचं अर्धं आयुष्य त्या दोऱ्यात जातं. आमच्या स्पीकरांमधून गोतावळा गळतो, खालचं गुंगुं तेवढं उरतं. फ्रीज चालू झाला असं वाटून नवरा एकदा उठून बघूनही आला. त्याच दिवशी ठरवलं, आता मोठे घ्यायचे. जमिनीवर उभे राहणारे.

दुकानात मात्र तानपुरा कोणी लावत नाही. तिथे एक परदेशी बाई अगदी हळू आवाजात गाते, मागे डबल बेस चालतो आणि दूर कुठेतरी काचेचे ग्लास किणकिणतात. हे रेकॉर्डिंग इतकं सुरेख असतं की ते कशावरही चांगलंच वाजतं. म्हणून मी माझं गाणं नेलं होतं. विलंबित एकताल. त्याचं एक आवर्तन पाऊण-एक मिनिट आरामात चालतं, आणि विक्रेत्याचं बोट पंधराव्या सेकंदाला बटणावर. गायिकेने मुखडा उचलला, आता सम येणार, मी मान तयार ठेवलेली, आणि खट्! दुसरी जोडी. गाणं पुन्हा पहिल्यापासून. ‘फरक जाणवला?’ मला एवढंच जाणवलं की या दुकानात आजवर कोणालाही सम मिळालेली नाही.

त्यातही शास्त्र आहे, हे मान्य केलं पाहिजे. दोन आवाजांतला बारीक फरक कानाला काही सेकंदच धरून ठेवता येतो. म्हणजे पंधरा सेकंद ऐकलं तर फरक कळतो आणि गाणं कळत नाही. पाच मिनिटं ऐकलं तर गाणं कळतं आणि आधीचा स्पीकर कसा होता ते आठवत नाही. ख्याल ऐकणाऱ्याने स्पीकर निवडायचे तरी कसे?

‘हे रेकॉर्डिंग मोनो आहे, मॅडम,’ विक्रेता म्हणाला. ‘स्टेज उभा राहत नाही.’

स्टिरिओच्या तबकड्या बाजारात आल्या १९५८ मध्ये. माझ्या आवडीचे निम्मे लोक त्याआधीच गाऊन मोकळे झाले होते. त्यांचा आवाज दोन्ही स्पीकरांतून अगदी एकसारखाच येणार. कोण डावीकडे बसलंय, कोण उजवीकडे, हे ऐकून कळावं, याला हे लोक स्टेज म्हणतात. ‘बाई एकटीच गातेय,’ मी म्हटलं, ‘तिला स्टेज कितीसा लागणार?’ यावर तो सरांकडे वळला.

सर तोवर खुलले होते. ‘हा दुसरा जास्त मोठ्याने वाजतोय,’ ते म्हणाले. ‘सरांचा कान तयार आहे!’ विक्रेता म्हणाला. गंमत अशी, की त्या दिवसभरात दुकानात कोणी बोललेलं सर्वांत शास्त्रशुद्ध वाक्य तेच होतं. पहिल्या जोडीची सेन्सिटिव्हिटी होती ८४ डेसिबल, दुसरीची ९०. एक वॉट दिला आणि एक मीटरवरून मोजलं तर किती आवाज निघतो, त्याचा हा आकडा. दर ३ डेसिबलला वॉट दुप्पट लागतात. म्हणजे बटण न हलवता दुसरी जोडी चौपट वॉट दिल्याच्या थाटात वाजत होती. आणि माणसाला जे मोठ्याने वाजतं तेच चांगलं वाटतं, हे तर कुठल्याही मांडवात सिद्ध होतं. ‘दोन्हींचा आवाज सारखा करून ऐकवा,’ मी म्हटलं. त्याने सरांकडे पाहिलं. सरांनी परवानगी दिली.

माहितीपत्रकावर आणखी एक आकडा ठळक छापला होता: ४० हजार हर्ट्झपर्यंत. माणसाचं लहान मूल ऐकतं २० हजारांपर्यंत. पन्नाशी ओलांडलेले माझे कान १२-१३ हजारांच्या पुढे फारसं काही ऐकत नसावेत. मधल्या सगळ्या हर्ट्झचे पैसे मी भरायचे आणि मैफल ऐकायची सोसायटीतल्या कुत्र्याने! त्याला शास्त्रीय संगीत आवडतं याचा अजून तरी पुरावा नाही.

घरी सल्ला द्यायला नवऱ्याचे एक मित्र येतात. त्यांना आम्ही ध्वनिमहर्षी म्हणतो. त्यांचं म्हणणं, मोठे स्पीकर घेणं हेच मुळात असंस्कृतपणाचं. घ्यायचा तर एलएस३/५ए. बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये मावावा म्हणून बनवलेला हा चिमुकला डबा. गाडीत मावावा म्हणून लहान केला, हे आता सगळे विसरले आहेत. त्यातही विजेच्या रोधाच्या मापात जुना १५ ओमवाला की नंतरचा ११ ओमवाला, यावर महर्षी दोन कप चहा होईपर्यंत बोलतात. १५ ओम म्हणताना त्यांचा आवाज आपोआप खाली उतरतो. आमच्याकडे इतक्या भक्तिभावाने आरतीही होत नाही.

शेवटी मदतीला आला तो १९९४ सालचा एक प्रयोग. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन ध्वनिशास्त्रज्ञांनी लोकांना तेच स्पीकर आधी पडद्याआड आणि मग समोर ठेवून ऐकवले. दिसू लागल्याबरोबर मोठ्या, देखण्या स्पीकरांचे गुण वाढले आणि लहान, स्वस्त बिचाऱ्याचे घसरले. कान तेच, डोळे तेवढे उघडलेले. मी विक्रेत्याला पडदा लावायला सांगितलं. पडदा नव्हता. मग मी ओढणी काढून डोळ्यांना बांधली आणि बसले. दुकानात आलेल्या एका जोडप्याने बाहेरूनच परत जाणं पसंत केलं. पण त्या आंधळ्या कोशिंबिरीत, चौथ्या की पाचव्या जोडीवर, तानपुऱ्याचा गोतावळा एकदम खोलीत आला. ओढणी सोडली तर समोर काळी, ठोकळेबाज, कुठलंही वळण नसलेली जोडी.

‘हा वॉलनटमध्ये नाही येत,’ विक्रेता खिन्नपणे म्हणाला.

मग आली खोली. दुकानाच्या भिंतींना जाड फळ्या आणि स्पंज. आमच्या ठाण्याच्या हॉलला गुळगुळीत फरशी, सरकत्या काचा आणि बोनचायनाचं शोकेस. हॉलची लांबी १४ फूट. एवढ्या लांबीत ४० हर्ट्झच्या आसपासचा स्वर दोन भिंतींमध्ये अडकतो आणि घुमत राहतो. स्पीकर तीन लाखांचा असो की तीन हजारांचा. नियमाप्रमाणे स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे हवेत, सोफाही मागच्या भिंतीला टेकलेला नको. दोन्ही नियम पाळले तेव्हा सोफ्यावर बसलेल्याचे पाय स्पीकरांच्या मधोमध आले. डग्गा घुमला की शोकेसमधल्या बशा लेहऱ्याच्या साथीला बसत. सोफा पुन्हा मागे सरकवला, सोफ्यामागच्या भिंतीवर सासूबाईंची गोधडी टांगली, शोकेस मुलीच्या खोलीत गेलं. गोधडीने काय केलं ते गोधडीलाच ठाऊक, पण तबला ताळ्यावर आला. पाहुण्यांना आम्ही ती लोककला म्हणून दाखवतो.

शेवटचा प्रश्न टाचांचा. या स्पीकरांना खाली चार-चार टोकदार स्पाइक असतात. तेवीस किलोचं धूड अणकुचीदार टोकांवर उभं केलं तर फरशीचं काय होणार? म्हणून टोकांखाली धातूच्या चकत्या ठेवायच्या. दुकानदाराने सांगितलेली चकत्यांची किंमत ऐकून सर, आयुष्यात पहिल्यांदाच, पार्किंगचं बघायला बाहेर गेले. घरी मी देवघरातल्या डब्यातून आठ नाणी काढली, दहा-दहा रुपयांची, आणि सरकवली खाली.

परवा महर्षी आले. अर्धा तास डोळे मिटून ऐकलं. बास घट्ट झालाय म्हणाले. मग नजर खाली गेली. गुडघ्यांमुळे त्यांना वाकून बघता येत नाही.

‘वहिनी, चकत्या कोणत्या?’

‘भारतीयच आहेत. दोन धातूंच्या.’

‘दोन धातूंच्या! वाटलंच मला. केवढ्याला पडल्या?’

‘आठ मिळून ऐंशी.’

महर्षींनी मनातल्या मनात हजार लावून पाहिले असावेत. मग मान हलवून म्हणाले, ‘स्वस्तात मिळाल्या.’